घरात आकांत, बाहेर पाठलाग: वयात येणाऱ्या कुत्र्यासाठी दोन वेगळे इलाज

आठ-दहा महिन्यांचा कुत्रा घरात असला की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. समोरच्या काकू म्हणतात, "अहो, तुम्ही खाली उतरलात की हा नुसता गळा काढतो." आणि वॉचमनकाका सांगतात, "काल डिलिव्हरीवाल्याच्या गाडीमागे लागला होता बघा." दोन्हींवर सल्ला मात्र एकच मिळतो: दमवा त्याला. सकाळी तासभर बॉल फेका, संध्याकाळी पळवा, थकला की गप पडेल.

हा सल्ला मला पटत नाही. फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, तरणे कुत्रे घरी येत असतात, त्यांच्याकडे बघून तर अजिबातच पटत नाही. घरात कोणी नसताना कुत्रा जो आकांत करतो ती भीती असते. मांजर, स्कूटर, पळणारं पोर दिसताच तो सुटतो ती मौज असते. भीती थोड्या-थोड्या सवयीने उतरते. मौजेला आधी अडवावं लागतं, मग दुसरी वाट काढून द्यावी लागते. नुसतं पळवून यातलं काहीच साधत नाही. उलट रोज तासभर बॉलमागे धावणाऱ्या कुत्र्याचा दम वाढत जातो, घरी आल्यावरही त्याला टेकवत नाही, आणि त्याच भरात असताना तुम्ही दार ओढून ऑफिसला निघता.

यात वयाचाही वाटा आहे. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या ल्युसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना 'बस' म्हटल्यावर बसणारी पिल्लं आठ महिन्यांची झाल्यावर आपल्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. आपल्या माणसापासून दुरावल्यावर जास्त अस्वस्थ होणाऱ्या कुत्र्यांत हे जास्त दिसलं. म्हणजे घरातला आकांत आणि बाहेरचं न ऐकणं एकाच कुत्र्यात सापडलं तर नवल नाही. इलाज मात्र दोन.

आणि झोप. या वयाच्या कुत्र्याला दिवसाचे निम्म्याहून जास्त तास झोप लागते, लहान पिल्लाला तर सोळा-अठरा तास. घरात माणसांची ये-जा, टीव्ही, मुलांचा दंगा यांत ती होत नाही. संध्याकाळी सात-आठला जो कुत्रा पायजम्याला लोंबकळतो, सोफ्यावरून उड्या मारतो, तो बहुतेक वेळा झोपेला आलेला असतो. त्याला पळवायला नेऊ नका. दिवे मंद करा, चघळायला काहीतरी द्या आणि कोपऱ्यात पडू द्या.

आधी कॅमेरा

जुना फोन चपलांच्या रॅकवर दाराकडे तोंड करून ठेवा, रेकॉर्डिंग लावा आणि नेहमीसारखे निघा. जिन्यात उभं राहून कान लावू नका. तुमचा वास आणि चाहूल त्याला लागते. गाडी चालू करून खरोखर निघून जा. पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक सगळं कळतं. फोनवर थेट बघता येत असेल तर उत्तम, फार घाबरलेला दिसला की लगेच परता.

आता बघायचं काय? पहिल्या काही मिनिटांत सुरुवात झाली का. दाराच्या फटीला नाक लावून बसला, उकाडा नसताना धापा टाकतोय, येरझाऱ्या घालतोय, एका सुरात रडतोय, एरवी बाहेर जाणारा घरात शू-शी करतोय का. चौकटीच्या खालच्या दीड फुटात नखांचे ताजे ओरखडे, उंबऱ्यापाशी लाळेचं थारोळं, आणि वाटीत जसंच्या तसं पडलेलं उकडलेलं चिकन, जे तुम्ही दार उघडताच तो एका घासात संपवतो: हे तिन्ही एकत्र दिसलं तर ती मस्ती नव्हे, घाबरगुंडी आहे.

कंटाळलेला कुत्रा वेगळा दिसतो. तो आधी तासभर झोपतो, मग उठून आळस देतो, सावकाश एक चप्पल निवडतो आणि निवांत बसून कुरतडतो. ठेवलेला खाऊही खातो. त्याला दुपारी कोणीतरी फिरवून आणलं आणि चघळायला दिलं की भागतं. तिसरा प्रकार फक्त लिफ्टचा आवाज आला की भुंकणारा. त्याला दारापासून दूरच्या खोलीत ठेवा, पंखा किंवा रेडिओ लावा, पडदा ओढा. यापुढचा भाग खऱ्या घाबरगुंडीसाठी आहे.

अचानक सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्याकडे जाऊन या. लघवीचा संसर्ग, पोटाचा त्रास, कुठेतरी दुखणं यानेही कुत्रा घरात शू करतो, चिकटून राहतो, ओरडतो.

"पण आल्या आल्या कान पाडून बसतो, म्हणजे चूक कळते ना त्याला?" हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला होता की नाही याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध लागला नाही, माणूस रागावला की तो चेहरा यायचा. फाटलेल्या उशीवरून तासाभराने रागावलात तर कुत्रा उशीचा संबंध लावत नाही. तुमच्या परत येण्याचीही धास्ती घ्यायला मात्र शिकतो.

एकटं राहायला शिकवताना

पहिली पायरी सगळ्यात कठीण, आणि लोक तीच गाळतात. शिकवणं चालू असेपर्यंत त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. आई-बाबा, शेजारचे काका, कॉलेजातलं एखादं प्राणीवेडं पोर, डे-केअर, घरातल्यांच्या पाळ्या, जे जमेल ते जुळवा. हे कायमचं नाही, पण त्याशिवाय बाकीचं सगळं वाया जातं. "रडू दे, आपोआप गप होईल" म्हणणं म्हणजे पाठीला सुका भोपळा न बांधता पोराला विहिरीत ढकलणं. काही कुत्रे गप होतातही, दमून. दुसऱ्या दिवशी भीती तिथेच असते.

क्रेटबद्दल, म्हणजे कुत्र्याला ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याबद्दल, एक इशारा. ज्याला क्रेट आधीपासून आवडतो त्याच्यासाठी ठीक. घाबरलेल्या कुत्र्याला त्यात कोंडलं तर तो जाळीवर नखं आणि दात तोडून घेतो. बाल्कनीत तर कधीच ठेवू नका. घाबरलेला कुत्रा कठड्यावरून उडी मारतो.

दुसरी पायरी घरातल्या घरात. हॉलमध्ये त्याचं अंथरूण ठरवा. तो तिथे पडलेला असताना स्वयंपाकघरात जा, परत या. बाथरूमचं दार लावा, उघडा. मागे आला तरी रागावू नका. पडून राहिला तर जाता-जाता एक तुकडा अंथरुणावर टाका. त्याच्याशी अबोला धरायची गरज नाही. लाडाने किंवा बिछान्यात झोपू दिल्याने हा आजार जडतो, हा समज सोडून द्या.

तिसरी पायरी म्हणजे निघण्याच्या खुणा बोथट करणं. किल्ल्यांचा आवाज, घड्याळ बांधणं, डबा बॅगेत टाकणं, हेल्मेट उचलणं. यांतली कोणती गोष्ट केली की त्याची मान वर होते ते बघा. मग ती करा आणि कुठेच जाऊ नका. किल्ल्या खिशात टाकून चहा ठेवा. हेल्मेट घालून पेपर वाचा. घरातले हसतील, हसू द्या. दिवसातून चार-सहा वेळा, तो मान वर करायचं सोडेपर्यंत.

चौथी पायरी खुद्द दार. कडीला हात लावून परत बसा. दार उघडा, लावा. मग बाहेर पाऊल, लगेच आत. तो अस्वस्थ होण्याच्या आधी परत यायचं, सगळी मेख इथे आहे. अस्वस्थता रडण्याआधी बरीच लवकर दिसते: झोप आलेली नसताना जांभई, ओठांवरून जीभ फिरवणं, एक पाय हलकेच उचलून धरणं, पडलेला असताना डोकं वर करून लिफ्टकडे कान लावणं. फोन व्हिडिओ कॉलवर ठेवा आणि यांतलं काही दिसलं की पुढची खेप सोपी करा.

सेकंद चढत्या क्रमाने वाढवू नका. तसं केलं की दर खेप आधीच्यापेक्षा कठीण, हे त्याच्या लक्षात येतं. एका दिवसाचा धडा साधारण असा असावा: कडी, ० सेकंद. बाहेर, ५. बाहेर, २. कुलूप लावून ८. पुन्हा नुसती कडी. लिफ्टचं बटण दाबून १२. बाहेर, ३. बास. दोन खेपांमध्ये मिनिटभर थांबा, तो परत आडवा झाला पाहिजे. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. वहीत लिहून ठेवा, कारण प्रगती इतकी सावकाश होते की लिहिल्याशिवाय ती दिसत नाही.

पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात जड जातो. काही आठवडे, काहींना काही महिने लागतात. तो टप्पा पार झाला की पुढे वीस-वीस मिनिटांच्या उड्या घेता येतात. घरी पाहुणे येऊन गेले, गावाला जाऊन आलात, घर बदललं, की काही पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढायचं.

खाऊ ठेवून जावं का? दही-भात वाटीत गोठवून दिला तर कुत्रा बराच वेळ चाटत बसतो. फोडणी, कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं काही नको. पीनट बटर वापरलं तर त्यात झायलिटॉल नाही ना ते डबीवर वाचा, ते कुत्र्याला विषारी असतं. पण वाटी संपली की घाबरगुंडी सुरू होत असेल तर खाऊने काहीच शिकवलेलं नाही. शिवाय फक्त निघताना वाटी दिली तर वाटी हीच निघण्याची खूण बनते. म्हणून ती तुम्ही घरी असतानाच जास्त वेळा द्या.

दिवाळीच्या आठवड्यात किंवा वळवाच्या गडगडाटात धडे बंद. ज्यांना एकटेपणाची भीती असते त्यांतल्या पुष्कळांना आवाजाचीही असते.

औषधाचं बोलायला लोक कचरतात. "वेडाच्या गोळ्या" वगैरे. फ्लुऑक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही दोन औषधं कुत्र्यांच्या नेमक्या याच त्रासासाठी, शिकवण्याच्या जोडीने द्यायची म्हणून, अमेरिकेत मंजूर आहेत. क्लोमिप्रामिन १९९८ पासून, फ्लुऑक्सेटिन २००७ पासून. ती गुंगी आणण्यासाठी नसतात. भीतीची पातळी इतकी खाली यावी की धडा डोक्यात शिरेल, एवढंच त्यांचं काम. फ्लुऑक्सेटिनचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. कुत्रा स्वतःला इजा करत असेल किंवा काही सेकंदांच्या पुढे गाडी सरकत नसेल तर पशुवैद्याला स्पष्ट विचारा. घरातल्या माणसाची गोळी वजनाच्या हिशेबाने तोडून देऊ नका.

आणि सोसायटी. तक्रार यायच्या आधी मजल्यावरच्या चारही घरांना जाऊन सांगा, की कुत्रा शिकतोय, तुम्ही इतके महिने यावर काम करताय, फार आवाज आला तर या नंबरवर फोन करा. निम्मी भांडणं इथेच मिटतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण हा कागद पहिल्या दिवशी बाहेर काढला तर काकू पुन्हा बोलायच्या नाहीत.

मागे लागण्याची खोड

शिकारी प्राण्याच्या अंगात एक साखळी असते: नजर रोखणं, दबकत जाणं, धावणं, पकडणं, चावणं. माणसाने जाती तयार करताना या साखळीचे वेगवेगळे दुवे वाढवले, वेगवेगळे कमी केले. आपल्याकडचा कारवानी घ्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर सशामागे पळण्यासाठी वाढवलेला कुत्रा. कोणी बोलावतोय हे त्याला धावताना ऐकूच येत नाही. गावठी कुत्र्यांत हे कमी-जास्त असतं, बीगल नाकाने जातो, मेंढपाळी जातींची कुत्री पोरांच्या घोट्यांना चावे घेत त्यांना गोळा करत बसतात. कुत्र्याच्या रक्तात काय आहे ते माहीत असलं की अपेक्षा ठरवता येतात.

पाठलागाला बक्षीस द्यावं लागत नाही, धावणं हेच बक्षीस. त्यातून स्कूटरचा मामला आणखी वाईट: कुत्रा भुंकत मागे लागतो, स्कूटर निघून जाते, म्हणजे आपण हाकलली. दर वेळी तो जिंकतो. म्हणून पहिलं काम, ही जिंकण्याची संधी बंद करणं.

हार्डवेअरच्या दुकानातून आठ-दहा मीटर जाड सुती दोरी आणा. नायलॉनची सर्रकन सरकली की तळहात भाजतो. ती हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला), पाठीवरच्या कडीला बांधा. गळपट्ट्याला नको, दहा मीटर धावून आलेला झटका मानेवर बसला तर इजा होते. हाताभोवती गुंडाळू नका, घडी करून धरा. रहदारीच्या रस्त्यावर साधा आखूड पट्टा, मोकळ्या मैदानात ही दोरी. पुढचे काही महिने विनादोरीचं फिरणं नाही, "इथे कोणी नसतं" अशा जागीही नाही.

दुसरं काम, अंतर. ज्या गोष्टीमागे तो धावतो ती त्याला दिसावी, पण डोकं ठिकाणावर राहील इतक्या लांबून. समजा स्कूटर आहे. सकाळी दूधवाल्यांच्या वेळेला रस्त्यापासून तीस-चाळीस पावलं आत, मैदानाच्या कडेला उभे राहा. कमरेच्या पिशवीत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे. स्कूटर दिसली, त्याने बघितलं, की त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा. तो बघतोय म्हणून रागवायचं नाही, बघण्यासाठीच पैसे मिळताहेत असं त्याला वाटलं पाहिजे. काही दिवसांत तो स्कूटर बघून स्वतःहून तुमच्याकडे मान वळवतो. तिथून दोन-चार पावलं पुढे सरका.

अंतर चुकलंय हे तोंडावरून कळतं. आतापर्यंत उघडं असलेलं तोंड मिटतं, कान पुढे येतात, शेपूट हलायची थांबते, वजन पुढच्या पायांवर जातं. हातातला तुकडा तो हळुवार घेण्याऐवजी बोटांसकट ओढतो. तुकडा तोंडासमोर धरूनही घेतलाच नाही तर तुम्ही फार जवळ आहात. गप वळून मागे चला.

तिसरं, हाक. कुत्र्याचं नाव आपण दिवसभर शंभर वेळा घेतो, त्यातल्या नव्वद वेळा काही घडत नाही. म्हणून नवा शब्द घ्या, 'इकडे' किंवा शिट्टी. तो घरात दोन पावलांवर असताना वाजवा आणि चिकन द्या. मग दुसऱ्या खोलीतून, पॅसेजमधून, रिकाम्या पार्किंगमधून, शेवटी दोरी लावून मैदानात. आला की चार तुकडे एकामागून एक, आणि पुन्हा "जा" म्हणून हुंगायला सोडा. हाक मारली म्हणजे घरी जायचं, असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की तो येत नाही. आंघोळीसाठी किंवा रागवायला हा शब्द वापरू नका.

चौथं, धावण्याची हक्काची जागा. दीड मीटरची काठी, टोकाला दोरी, दोरीला जुन्या टॉवेलची गाठ. आधी 'थांब', मग 'घे', चिंधी जमिनीलगत फिरवा, त्याला पकडू द्या, दोन मिनिटं ओढाताण, 'सोड', खाऊ, पुन्हा 'थांब'. पाच-सात मिनिटं पुरे, आणि शेवटी गवतावर मूठभर खाऊ पसरून हुंगत वेचू द्या, म्हणजे अंगातला जोर उतरतो. 'थांब' आणि 'सोड' नसेल तर हाच खेळ खोड वाढवतो. वर्षाच्या आतल्या कुत्र्याला उंच उड्या आणि गर्रकन वळणं नकोत, सांधे अजून घडत असतात. उन्हाळ्यात हे सगळं सूर्य वर यायच्या आत.

मुलांना वेगळं शिकवावं लागतं. किंचाळत पळणारं मूल हे कुत्र्याच्या लेखी सगळ्यात भारी खेळणं. "झाड व्हा": उभे राहा, हात छातीशी, नजर आपल्या पायांकडे, आवाज नाही. सोसायटीतल्या पोरांकडून कुत्रा समोर नसताना चार-पाच वेळा करून घ्या, त्यांनाही मजा येते. खेळताना कुत्रा आणि मुलं एकाच जागी, आणि मोठं माणूस फोनवर, असं होऊ देऊ नका.

दुसऱ्या कुत्र्यांशी होणारी दांडगाई ओळखायला सोपी आहे. चांगल्या खेळात पाळ्या बदलतात, आधी हा मागे, मग तो मागे. मधूनच दोघं थांबून अंग झटकतात. एकच सारखा पाठलाग करतोय आणि दुसरा शेपूट पोटात घालून बाकाखाली शिरतोय, तर खेळ संपला. शंका असेल तर पाठलाग करणाऱ्याला धरून ठेवा. दुसरा स्वतःहून परत आला तर चालू द्या, सटकला तर तुम्हीही निघा. मोठ्या कुत्र्याला पॉमेरेनियनएवढ्या जिवामागे धावू देऊ नका. छोटा किंचाळला की क्षणात खेळाची शिकार होते.

शॉकचा पट्टा, काट्यांचा पट्टा, चप्पल भिरकावणं, पाठीत रट्टा: कुत्रा थांबतो, हे खरं. पण सायकलवरचं पोर दिसलं की दुखतं, हेही तो शिकतो, आणि मौजेपोटी मागे लागणारा कुत्रा धास्तीपोटी चावणारा होऊ शकतो. चावा झालाच, खरचटलं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्र्याचं रेबीजचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. पाळीव प्राण्याकडून इजा होऊ नये याची काळजी घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार मालकाची जबाबदारी आहे, तेव्हा "तो खेळत होता हो" चालत नाही.

गावाकडे नेणार असाल तर वेगळी तयारी लागते. शहरात स्कूटरला सरावलेला कुत्रा कोंबडी पहिल्यांदा बघतो तेव्हा सगळे धडे विसरतो, आणि शेळीच्या करडामागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी काठी घालेल तर त्याला बोल लावता येत नाही. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला तर अंधार पडल्यावर कुत्रा अंगणातही एकटा सोडू नये, बिबट्या त्याला उचलतो. मांजर आणि कोंबड्यांच्या बाबतीत काही कुत्रे, विशेषतः कारवानी रक्ताचे, कितीही शिकवलं तरी एकटे सोडण्याइतके भरवशाचे होत नाहीत. अशा घरात खुराड्याला पक्की जाळी, मांजराला वर चढून बसायला फळी, आणि तुम्ही घरी नसताना मधलं दार बंद, ही व्यवस्था कायमची ठेवावी लागते.